वाडीच्या मुंबई मंडळाची पंचाहत्तरी : गावाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करायची?

शास्त्रीकाठ :

नमस्कार मंडळी,

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, मंडळातले बरेच जण इथे वाचत असतात. चाळीसेक उंबरे, त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांना वर्षभर कुलूप. माझा जन्म लालबागचा, आता राहायला नालासोपाऱ्यात. गावाशी संबंध म्हणजे गणपती आणि शिमगा. मे महिन्यात जमलं तर जमलं.

मंडळाला पुढच्या वर्षी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. स्मरणिका काढायची ठरलीय आणि "तू शिकलेला, दिवसभर कॉम्प्युटरवर असतोस" या एका कारणावरून 'आमचे गाव : इतिहास व परंपरा' हे पान माझ्या गळ्यात पडलंय. पान म्हणजे आठ पानं.

हाताशी काय आहे ते सांगतो. १९५१ पासूनची जमाखर्चाची वही आहे, मधली काही वर्षं वाळवीने खाल्लेली. अध्यक्ष-चिटणीसांची यादी आहे. आणि दोन गोष्टी आहेत ज्या प्रत्येक म्हातारा सांगतो. एक, आपला मूळ पुरुष घाटावरून देवीची मूर्ती डोक्यावर घेऊन उतरला. दुसरी, संभाजी महाराजांना कसब्याला पकडलं त्या रात्री आपल्या वाडीतली माणसं लढायला धावली होती. अध्यक्षांना सुरुवात या दुसऱ्या गोष्टीने हवीय, वर भगव्या रंगात.

मला प्रश्न दोन. अजून माहिती कुठे मिळेल? आणि चाळीस उंबऱ्यांच्या वाडीला इतिहास असतो तरी किती? खरं सांगायचं तर देऊळ, शाळा, पाण्याची टाकी आणि रस्त्याचं डांबरीकरण यापलीकडे मला काही सुचत नाहीये.

मोडीवाचक :

आधी कागद जमवा, मग गोष्टी.

१८८० चं गॅझेटिअर, दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी. ऑनलाइन सापडतं. तुमची वाडी त्यात नसणार, पण खोतीचं प्रकरण नीट वाचा (खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा वतनदार). १८७२ च्या शिरगणतीत मुंबई बेटावर सत्तर हजारांहून जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. म्हणजे मुंबईला जाणं हे तुमच्या आजोबांपासून सुरू झालेलं नाही, गिरण्या नव्या होत्या तेव्हापासूनचं आहे.

देवरुखला तहसील कचेरीत गाव नमुना १४ मागा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, बऱ्याचशा मोडीत. नाव, बापाचं नाव, जात, मृत्यूचं कारण. पटकी, देवी, ताप अशा नोंदी ओळीनं आल्या की त्या वर्षी वाडीत काय झालं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर अनेक जिल्ह्यांनी ही पानं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली आहेत, तिथेही बघा. मोडीचं अडलं तर इथे फोटो टाका, वाचून देतो.

प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. तो वरपासून खालपर्यंत नुसता वाचत जा.

संभाजी महाराजांना १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी पकडलं, हा इतिहास. तुमच्या वाडीची माणसं धावली, ही आठवण. 'असे सांगतात' एवढे दोन शब्द जोडून छापा, कुणाचं काही बिघडत नाही. फक्त सुरुवात त्याने करू नका. आजवर ज्या ज्या स्मरणिका हातात आल्या, त्या सगळ्यांची पहिली दोन पानं सारखीच. कुठल्याही गावाचं नाव घाला, चालतं.

परळची_सून :

मोडीवाचकांनी कागद बरोबर सांगितले. पण त्या सगळ्या कागदांत एक गोम आहे, ती सांगते. जरा लांबेल.

मी तुझ्या वाडीची नव्हे, पण त्याच खोऱ्यातली, नदीच्या अलीकडची. जन्म परळचा, वडील गिरणीत. म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवी आणि पुढे रात्रशाळेतून जुनी मॅट्रिक. १९७३ ला लग्न झालं. नवरा पण गिरणीतच, राहायला गावच्या खोलीत. ही गावची खोली तुझ्या पिढीला माहीत असेल की नाही कोण जाणे. चाळीतली एक खोली, भाडं सगळ्या गावानं मिळून भरायचं, भिंतीला पत्र्याच्या ट्रंका एकावर एक. तीन पाळ्यांची माणसं आळीपाळीनं त्याच वाकळेवर पाठ टेकायची, जेवायला खानावळीत. बाईमाणसाला तिथे जागा नाही. मग काय, मुंबईत जन्मलेली मी गेले गावाला नांदायला, आणि गावात जन्मलेला नवरा माझ्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर राहिला. माझी आई त्याला सणाला जेवायला बोलवायची. मी मात्र त्याला गणपतीत बघायची.

आता गोम. तुझी जमाखर्चाची वही १९५१ ची आहे ना? खोती रद्द करायचा कायदा १९४९ चा, रत्नागिरीत तो लागू झाला १९५० ला. म्हणजे खोत गेला आणि पाठोपाठ तुमचं मंडळ आलं. हा योगायोग समजू नकोस. तोवर भाताचा निम्मा हिस्सा खोताला जायचा, अर्धेल म्हणत. वर वेठ वेगळी : खोताच्या घरी लग्न निघालं की लाकडं फोडायला जायचं, त्याचं शेत लावून झाल्याशिवाय स्वतःच्या शेतात पाय टाकायचा नाही. खोताच्या समोर जी माणसं कधी एकत्र बसली नाहीत ती मुंबईत एका खोलीत राहून एकत्र बसायला शिकली. मग १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन आला, कसेल त्याची जमीन. कुळांनी ठरलेली किंमत हप्त्याहप्त्यानं भरायची. ते पैसे गिरणीच्या पगारातून आले, मनिऑर्डरनं. तुझ्या वहीत 'उसनवार' किंवा 'जमिनीचे कामी' अशा नोंदी सापडतील, जरा बघ.

हप्ते फिटले की कूळ जमिनीचा मालक झाल्याचं, ३२ म चं प्रमाणपत्र मिळायचं. आमच्या घरी ते अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. त्यावर नाव सासऱ्यांचं. सासरे तेव्हा शिवडीला गिरणीत होते, वर्षातून महिनाभर गावाला. शेत कसत होती माझी सासू. कसणारी गावात आणि कसेल त्याच्या कायद्यानं नाव लागलं मुंबईतल्याचं. मी कुणाला दोष देत नाही, सासरे देवमाणूस होते आणि हप्त्यासाठी त्यांनी विडीसुद्धा सोडली होती. पण तुझी वही, सातबारा, मंडळाच्या अध्यक्षांची यादी, सगळीकडे हेच आहे. ती मुंबईतल्या पुरुषांची कागदपत्रं आहेत. गाव चालवलं बायांनी, त्यांचा कागदच नाही.

कसं चालवलं ते ऐक. फाल्गुनात कवळ तोडायचं, म्हणजे झाडावर चढून ऐन-किंजळीच्या फांद्या छाटायच्या. ते बापयांचं काम असं म्हणतात. आमच्याकडे सासू चढायची, कासोटा घट्ट करून. मग भाजावळ : खाली शेण, त्यावर कवळ, वर पातेरा, गवत आणि शेवटी मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं. जाळ भडकला तर काम फुकट, राख उडून जाते. तो धुमसत राहिला पाहिजे. मृगाला त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचं, तरवा उगवला की आषाढात उपटून मुठी बांधायच्या आणि गुडघाभर चिखलात लावायच्या, डोक्यावर इरलं. पहिल्या वर्षी माझ्या पायाची बोटं चिखलानं सडली होती. सासूनं काही न बोलता मेंदीचा पाला वाटून बांधला आणि दुसऱ्या दिवशी परत शेतात उभी केली.

एकच गोष्ट बायांनी करायची नाही : नांगर धरायचा नाही. मग बारा घरांना मिळून चार नांगर धरणारे, दोन म्हातारे आणि दोन शाळा सोडलेले पोरगे. त्यांनी कुणाचं शेत आधी फोडायचं हे कोण ठरवणार? बाया ठरवायच्या, विहिरीवर, हंडे भरता भरता. ज्या घरी नांगर जाणार त्या घरच्या बाईनं बाकीच्यांच्या लावणीला इतके दिवस यायचं. सावड. कुठे लिहिलेलं नाही, कुणी बुडवलेलं मी तरी पाहिलं नाही. गावकी बसायची देवळात, नारळ ठेवून, बापय माणसांची. विहिरीवर जे ठरायचं त्याला गावकी कुणी म्हटलं नाही.

मी मॅट्रिक म्हणून वाडीची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी भांडी घासून झाली की ओटीवर तीनचार जणी बसलेल्या, हातात निळं आंतर्देशीय. पोस्टमन मनिऑर्डर द्यायला आला की अंगठा उमटवून घ्यायचा, आणि पाठोपाठ उत्तर माझ्याकडून. मुंबईच्या खोलीत ते पत्र दहा जणांसमोर मोठ्यानं वाचलं जाणार हे प्रत्येकीला माहीत असायचं, त्यामुळे त्या जपून सांगायच्या. एकीचं पत्र मला शब्दन् शब्द आठवतं : "मनिआर्डर पोचली. म्हस याली, पारडी झाली. धाकल्या भावजींनी आपला बांध कोरलाय, पन तुमी तितं भांडू नका. त्येंच्याकडनं बी घ्याचं हाय." बघ, तीन ओळींत गावाचा स्वभाव आहे. बांध गेला तर गेला, लावणी होईपर्यंत गप्प बसायचं. लावणी झाल्यावर तिनं स्वतः कुदळ घेऊन बांध परत घातला आणि दिराला वर चहा पाजला.

आणि १९८२. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. पहिले दोन महिने सगळे मुंबईतच, आज मिटेल उद्या मिटेल. मार्चमध्ये शिमग्याला आली ती परत गेलीच नाहीत. वाडीनं इतके बापय एकदम कधी बघितले नव्हते. पालखी त्या साली जोरात नाचली, सहाणेवर, म्हणजे पालखी बसवतात त्या चौथऱ्यावर, उभं राहायला जागा नव्हती. वैशाख आला आणि विहीर आटली.

आमच्याकडे आटलेल्या विहिरीची एक रीत होती. रात्रभर झरा साठायचा, पहाटे घरटी दोन हंडे. बाळंतीण ज्या घरी असेल तिला पहिले दोन आणि संध्याकाळी आणखी एक. घरी बसलेल्या बापयांना काहीतरी काम हवं होतं. त्यांनी सभा घेतली, वही आणली आणि ठराव केला की मंडळाची वर्गणी ज्यांची भरलेली आहे त्यांना पाण्याचा नंबर आधी. विहीर मंडळाच्या पैशानं बांधली होती म्हणून. हिशोबाला बरोबर! पण संपात वर्गणी भरणार कोण? शेवटी नंबर लागला तो ज्यांचे मुलगे बीएसटीत किंवा गोदीत होते त्या दोनतीन घरांचा. बाळंतीण राहिली बाजूला.

भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बाया विहिरीवर गेल्याच नाहीत, एकही नाही. "ठराव तुमचा, हंडे तुमी आना," एवढंच माझी सासू बोलली. ज्यांनी गिरणीत साचे चालवले त्यांना कळशी काखेला लावून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढता येईना. पाय घसरून एकाची तांब्याची कळशी गडगडत खालच्या वाडीपर्यंत गेली. पोरं तिच्या मागे धावत होती. ठराव मागे घेतला का? नाही. वहीत तो आजही आहे. फक्त तसं कुणी वागलं नाही. तुझ्या वहीतले ठराव वाचताना हे लक्षात ठेव.

त्यानंतर गिरण्या पूर्ववत झाल्याच नाहीत. नवरा भांडुपला एका कारखान्यात वॉचमन लागला, खोली मिळाली, मी मुंबईत परत आले. शेत सासूनं अंगात होतं तोवर लावलं. आता गवत.

तर इतिहास किती असतो विचारलंस. आठ पानं पुरणार नाहीत.

नायगाव_बीडीडी :

परळच्या ताईंचा प्रतिसाद वाचला. पत्रांचं वाचून माझी आजी आठवली. आता माझा एक प्रश्न, मूळ धागाकर्त्याला.

तुमच्या चाळीस उंबऱ्यांत आमची घरं धरलीत का?

भांडायला विचारत नाही. आमचं गाव लांजा तालुक्यात. गावच्या मंडळाची स्मरणिका दहाएक वर्षांपूर्वी निघाली, चांगला गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. त्यात वाड्यांची यादी होती आणि यादीत बौद्धवाडी नव्हती. विचारलं तर म्हणाले, "तुमचं मंडळ वेगळं आहे ना." मंडळ वेगळं आहे हे खरं. का वेगळं आहे, तोच तर इतिहास आहे.

आमच्या आजोबांकडे गावकीची कामं होती. सांगावा न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणूस आला की पुढे पळायचं. त्याबदल्यात थोडी वतनाची जमीन आणि सुगीला बलुतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आजोबा नायगावला बीडीडी चाळीत होते, एकशे साठ फुटांच्या खोलीत आमच्या वाडीची डझनभर माणसं. त्यांनी तिथे बसून ठरवलं आणि गावाला पत्र गेलं की आजपासून ढोर ओढायचं बंद. पुढे १९५८ च्या कायद्यानं वतनच गेलं. पण वाडीनं आधीच सोडलं होतं. त्याबद्दल दोन वर्षं दुकानात मीठ मिळालं नाही. आजी चार कोसांवरून आणायची. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आला २०१६ चा. आजी तोवर नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती आमच्याकडेही कुणी सांगत नाही. बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं १७ सप्टेंबर १९३७ ला. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चानं गेले. त्यात कुणबी होते आणि महार होते, एकाच मोर्चात, कारण खोत दोघांचाही होता. आमच्या आजोबांच्या तोंडून मी हे ऐकलंय : जाताना सगळे एकत्र चालले, आणि परत आल्यावर चाळीत पाण्याचा नळ पुन्हा ज्याचा त्याचा.

तुमच्या वहीत १९५१ ला खोत गेल्याचं कौतुक असेल तर शेजारी ही तारीख घाला. आणि आमच्या वाडीत जाऊन विचारा. चहा पिऊन या.

शास्त्रीकाठ :

सगळ्यांचे आभार. मी धागा टाकून कामावर गेलो आणि संध्याकाळी ट्रेनमध्ये विरारपर्यंत वाचतच आलो.

@नायगाव : नाही, धरली नव्हती. चाळीस हा आकडा वर्गणीच्या यादीतला आहे. नदीच्या बाजूला नऊ घरं आहेत. त्यातल्या एका मुलाबरोबर मी लहानपणी मे महिन्यात पोहायला जायचो, आता तो दिव्याला असतो. उद्या फोन करतो.

@काकू : वही काढून बसलो. १९५८ आणि १९५९ ला 'कूळ कामी उसने' अशा सात-आठ नोंदी आहेत, पुढे 'परत आले' अशी टीप. अख्ख्या वहीत बाईचं नाव एकदाच आलंय, १९६७ च्या डिसेंबरात, कोयनेच्या भूकंपानंतर. 'अमुक यांची विधवा, घराची भिंत पडली, मदत रु. २५'. तिचं स्वतःचं नाव नाही, नवऱ्याचंच आहे.

आज अध्यक्षांशी बोललो. त्यांचं म्हणणं, भांडणं, बहिष्कार, पालखीच्या मानावरून झालेली कोर्टकचेरी, यातलं काहीही नको. "स्मरणिका जाहिरातदारांना द्यायची असते, पोरा." आणि पत्रं घरोघर जाऊन मागायची तर लोक देतील का? माझी स्वतःची आजी म्हणते, "त्येत काय हाय बघण्यासारखं."

परळची_सून :

त्येत काय हाय म्हणतेय म्हणजे आहे, ठेवलेली आहेत. नसती तर "कवाच चुलीत घातली" म्हणाली असती.

मागायला असा जाऊ नकोस की इतिहास लिहितोय. इतिहास म्हटलं की म्हाताऱ्या पदर सावरून शिवाजी महाराजांचं सांगायला लागतात. तरवा कुठल्या शेतात टाकायचा, पहिला नांगर कुणाकडे जायचा, विहीर आटली की काय करायचात, तुमची मनिऑर्डर कोण वाचून दाखवायचं, असं एकेक विचार. आणि एकटीला गाठ; सून किंवा मुलगा बाजूला बसला तर ती त्याच्याकडे बघून उत्तर देईल. फोन रेकॉर्डिंगवर ठेव पण सांगून ठेव. मुंबईतल्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात कर, त्या भांडुप, दिवा, नालासोपाऱ्यात टीव्हीसमोर बसलेल्या असतात, वेळ भरपूर असतो. गावातल्यांकडे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा. त्यानंतर चाकरमानी भरतात, घरात पाहुणे, बाई चुलीपासून हलत नाही.

हक्कसोडीचंही विचार, हलक्या हातानं. वाडीतल्या किती मुलींनी तहसीलला जाऊन भावांसाठी सही केली आणि त्या दिवशी त्यांना काय घेतलं. आमच्या नणंदेला साडी घेतली होती, ती तिनं आजवर नेसली नाही. हे छापू नकोस, पण तुला माहीत असू दे.

पालखीच्या मानाचं म्हणशील तर कोर्टाचं नको असेल तर राहू दे. त्याच्यावाचून अडत नाही, दर गावात तेच भांडण आहे. १९३८ चा मोर्चा आणि नदीकडची नऊ घरं मात्र गाळू नकोस. अध्यक्ष अडले तर त्यांना एवढंच विचार की खोताला अर्धेल नदीकडची घरं देत नव्हती का. ते स्वतः त्या पिढीचे असतील तर गप्प बसतील.

१९६७ च्या त्या विधवेचं नाव शोधून काढ. गाव नमुना १४ मध्ये नवऱ्याच्या मृत्यूची नोंद मिळेल, त्यावरून सातबाऱ्याला वारसनोंदीचा फेरफार काढ. विधवेचं नाव वारस म्हणून लागलं असेल तर तिथे ती नावानिशी सापडेल. नकलेला अर्ज आत्ताच टाकून ठेव, दिवस लागतात.

पत्रांतला मजकूर छापायच्या आधी ज्या बाईचं पत्र आहे तिला वाचून दाखव, ती गेली असेल तर तिच्या मुलीला. मुलाला नंतर. त्यांनी नको म्हटलेलं काढून टाक. मग अध्यक्षांकडे ने.